सकाळी ७:४२ ला रद्द झालेला व्हिसा आणि चिडलेलं मेलबर्न

प्रश्न असा आला आहे: "जानेवारी २०२२ मध्ये लस न घेतलेल्या नोवाक जोकोविचला ऑस्ट्रेलियाने परत पाठवलं. कोर्टाने आधी त्याच्या बाजूने निकाल दिला होता, तरी एका मंत्र्याने व्हिसा पुन्हा रद्द केला. ही मनमानी नाही का? आणि एका टेनिसपटूवर अख्खा देश एवढा का उखडला?"

मी मेलबर्नमध्ये १९ वर्षं व्हिसाची कामं करतोय. नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आहे, निम्मे क्लायंट मराठी. टेनिसमधलं मला फार कळतं असं नाही. पण ५ ते १६ जानेवारी या बारा दिवसांत जेवढे फोन आले, तेवढे व्हिसाची फी वाढते तेव्हाही येत नाहीत. गंमत म्हणजे फोन करणाऱ्या बहुतेकांना स्वतःच्या फाइलबद्दल काही विचारायचंच नव्हतं. "साहेब, ह्याला कसं काय परवानगी दिली? माझ्या आईला तर..." अशी सुरुवात व्हायची. ह्या 'माझ्या आईला तर'मध्ये तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून आधी तेच घेतो.

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० मध्ये सीमा बंद केली ती नोव्हेंबर २०२१ पर्यंत. परदेशी लोकांना बंदी तर बऱ्याच देशांत होती. इथे स्वतःच्या नागरिकांनाही देशाबाहेर जायला अर्ज करावा लागायचा. त्यात मेलबर्नची तऱ्हा वेगळी: सहा लॉकडाऊन, सगळे मिळून २६२ दिवस. घरापासून ५ किलोमीटरच्या आत फिरायचं, रात्री संचारबंदी, अंत्यविधीला १० माणसं. लोकांनी कुरकुर केली, काहींनी रस्त्यावर राडाही केला, पण बहुतेकांनी मुकाट्याने पाळलं. लस आली तेव्हा रांगा लावून घेतली. २०२१ संपेपर्यंत १६ वर्षांवरच्या ९० टक्क्यांहून जास्त लोकांचे दोन डोस झाले होते. कॉफी प्यायला आत शिरायचं तरी फोनवर हिरवी खूण दाखवावी लागत होती. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता, ते आठवा. तसंच, फक्त हॉटेल, सलून, ऑफिस सगळीकडे.

आणि आपल्या लोकांसाठी ह्यात आणखी एक जखम होती. मे २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट शिगेला होती. ऑस्ट्रेलियन सरकारने जाहीर केलं की गेल्या १४ दिवसांत जो भारतात होता त्याने ३ ते १५ मे या काळात परत यायचं नाही, मग तो ऑस्ट्रेलियाचा नागरिक का असेना. आलाच तर ६६,६०० डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत तुरुंग. तेव्हा सुमारे ९,००० ऑस्ट्रेलियन भारतात अडकलेले होते. आयपीएल बंद पडल्यावर ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू मालदीवला जाऊन थांबले, आणि समालोचक मायकेल स्लेटरने तर थेट पंतप्रधानांचे हात रक्ताने माखलेत असं ट्विट केलं. क्रिकेटपटूंना निदान मालदीव तरी होतं. माझा एक क्लायंट कोल्हापुरात वडिलांच्या दहाव्याला गेला होता. सिटिझन असूनही "परत आलो तर जेलमध्ये जाईन का?" असं मला विचारत होता, आणि मी त्याला कायद्याचा कागद वाचून दाखवत होतो.

हडपसरच्या एका काकूंची फाइल सांगतो. मुलगी इथे, पहिलं बाळंतपण, जावई नर्सिंगच्या शिफ्टमध्ये. काकूंसाठी प्रवासाच्या सवलतीचा अर्ज तीनदा केला, तीनदा नामंजूर. तेव्हाच्या नियमात आई-वडील 'जवळच्या कुटुंबा'त धरलेच जात नव्हते. नवरा-बायको, मुलं, बस. आई नाही! मुलीला हे वाक्य मी समजावून सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त फोन ठेवला. मग लसीचा घोळ. काकूंनी कोव्हिशील्डचे दोन्ही डोस घेतलेले. लस पुण्यातलीच, घरापासून रिक्षाच्या अंतरावर बनलेली. तीच लस अॅस्ट्राझेनेका नावाने मेलबर्नमध्ये टोचली जात होती, पण कोव्हिशील्डला इथली मान्यता मिळाली १ ऑक्टोबर २०२१ ला. कोव्हॅक्सिनला त्याच्याही महिनाभरानंतर. आई-वडिलांना यायची मुभा १ नोव्हेंबरपासून. काकू डिसेंबरात पोचल्या. नात तोवर १४ महिन्यांची झाली होती आणि ह्या परक्या बाईला पाहून तिने भोकाड पसरलं.

आता ४ जानेवारी २०२२ घ्या. जोकोविच इन्स्टाग्रामवर बॅगांसोबतचा हसरा फोटो टाकतो आणि लिहितो, (लसीच्या अटीतून) सवलत मिळाली, निघालो. त्या आठवड्यात ओमायक्रॉनमुळे इथे रोजच्या रुग्णांचा आकडा लाखाच्या घरात जात होता, लोक रॅपिड टेस्ट किटसाठी एका केमिस्टकडून दुसऱ्याकडे वणवण करत होते. तो फोटो पाहून लोकांना काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको. ज्याने लस घेतली नव्हती त्याला दार उघडं, आणि नियम पाळणाऱ्यांच्या आया दोन वर्षं दाराबाहेर. टेनिसशी, खरं तर लसीशीसुद्धा, ह्या रागाचा संबंध अर्धाच होता. प्रत्येकजण स्वतःचा हिशोब काढून बसला होता.

त्यात एक गैरसमज मात्र पसरला की जोकोविच घुसखोरासारखा आला. तसं नव्हतं. त्याच्याकडे १८ नोव्हेंबर २०२१ ला मिळालेला वैध व्हिसा होता. १६ डिसेंबरला त्याची पीसीआर टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. त्या आधारावर ऑस्ट्रेलियन ओपन स्पर्धा भरवणाऱ्या टेनिस ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय प्रमुखांनी ३० डिसेंबरला सवलत दिली आणि व्हिक्टोरिया राज्य सरकारच्या स्वतंत्र समितीने ती तपासून मान्य केली. प्रवासाचं डिक्लरेशन भरलं, त्यावर केंद्राच्या गृहखात्याचं उत्तरही आलं की विलगीकरणाशिवाय यायला तो पात्र दिसतो. सवलत मागणारे तो धरून २६ जण होते, मिळाली मोजक्यांना.

मग अडलं कुठे? सवलत स्पर्धेत खेळण्यासाठीची होती, आणि सीमा केंद्राच्या ताब्यात. केंद्राने टेनिस ऑस्ट्रेलियाला नोव्हेंबरातच कळवलं होतं की नुसता मागच्या सहा महिन्यांत कोविड होऊन गेला एवढ्यावर लस न घेतलेल्याला विलगीकरणाशिवाय प्रवेश मिळणार नाही. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंग दिलं आणि गेटवरच्या वॉचमनकडे वेगळीच यादी, तसला प्रकार. राज्यात लेबर पक्षाचं सरकार, केंद्रात तेव्हाचे पंतप्रधान मॉरिसन यांचं लिबरल, आणि निवडणूक तोंडावर. मॉरिसन आधी म्हणाले, सवलत व्हिक्टोरियाने दिली आहे. ५ जानेवारीला लोकांचा सूर बघून म्हणाले की पुरावा पटला नाही तर जोकोविच पुढच्या विमानाने घरी जाईल. दुसऱ्या दिवशी ट्विट: नियम म्हणजे नियम.

विमानतळावरची रात्र हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून जरा सावकाश. ५ जानेवारीला रात्री साडेअकराच्या सुमाराला तो टुलामरीनला, म्हणजे मेलबर्नच्या विमानतळावर, उतरला. रात्रभर प्रश्नोत्तरं. त्या संभाषणाचा लेखी उतारा नंतर कोर्टात आला आणि मी तो दोनदा वाचला. एकाच वाक्याभोवती माणूस फिरतोय: तुम्ही सांगितलं ते सगळं मी केलं, आता आणखी कोणता कागद हवा? अधिकारी वाईट बोलतोय असंही नाही. तो साच्यातलं वाचून दाखवतोय. ह्या साच्यातल्या भाषेसमोर माणूस कसा हताश होतो ते मी फोनवर किती वेळा ऐकलंय. फरक एवढाच की त्या आवाजांच्या मागे वीस ग्रँड स्लॅम नसतात.

पहाटे ५:२० ला ठरलं की साडेआठपर्यंत वेळ, तोवर तो आपल्या माणसांशी बोलून उत्तर देईल. पण सहानंतर थोड्याच वेळात त्याला पुन्हा बसवून म्हणणं मांडायला सांगितलं आणि ७:४२ ला व्हिसा रद्द. मायग्रेशन अॅक्ट १९५८, कलम ११६. ह्या कलमाची मेख एका शब्दात आहे. तुमची उपस्थिती समाजाच्या आरोग्याला, सुरक्षिततेला किंवा सुव्यवस्थेला धोका 'असू शकते', एवढं पुरतं. धोका आहे असं सिद्ध करावं लागत नाही.

१० जानेवारीला न्यायमूर्ती अँथनी केली यांच्यासमोर सुनावणी झाली. जगभरातून एवढे लोक ऑनलाइन घुसले की कोर्टाची लिंक कोलमडली. केली यांनी विचारलंच की ह्या माणसाने याहून आणखी काय करायला हवं होतं. पण तुम्ही 'कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला' म्हणता तिथे थांबा. सवलत खरी की खोटी, लस हवी की नको, यावर कोर्टाने काही ठरवलं नाही. साडेआठ सांगून ७:४२ ला निर्णय घेतला, माणसाला सल्ला घेऊ दिला नाही, हे गैरवाजवी होतं. सरकारी वकिलांनी तेवढं मान्य केलं आणि व्हिसा परत मिळाला. आमच्या भाषेत, प्रक्रियेवर जिंकला. असा विजय गोड असतो पण पातळ असतो. खात्याला तोच निर्णय नीट प्रक्रियेने पुन्हा घेता येतो. मी त्या संध्याकाळी घरी बायकोला म्हटलं होतं की अजून संपलेलं नाही. (तिने विचारलं, मग तो खेळणार का? ते मला सांगता आलं नाही.)

त्या सोमवारी लोकांचा राग मात्र जरा वळला होता. केली यांचा प्रश्न बऱ्याच जणांना पटला. जोकोविचशी फारसं कधी न पटलेला ऑस्ट्रेलियन टेनिसपटू निक किरियॉस तर आधीच उघडपणे म्हणाला होता की आपण हे फार वाईट हाताळतोय. शहरात सर्बियन पाठीराखे झेंडे घेऊन नाचत होते, गाडीभोवती एवढी गर्दी केली की पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. तिकडे बेलग्रेडमध्ये जोकोविचचे वडील सभा घेत होते, मुलाची तुलना स्पार्टाकसशी आणि येशूशी करत होते. आपल्याला हे अति वाटेल. पण १९९९ मध्ये नाटोचे बॉम्ब पडत असताना बेलग्रेडच्या तळघरात रात्री काढलेला तो अकरा-बारा वर्षांचा पोरगा. मोठे देश आपल्याला नेहमीच चिरडतात, ही तिथली भावना कालपरवाची नाही. सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच तीच भाषा बोलले.

पुढच्या दोन दिवसांत पारडं परत फिरलं, आणि ते जोकोविचने स्वतः फिरवलं. टेस्ट १६ डिसेंबरची. १७ ला बेलग्रेडमध्ये तो मुलांना बक्षिसं देताना फोटोत दिसत होता, मास्क नाही. १८ ला फ्रेंच वृत्तपत्र ल'एकिपला त्याने मुलाखत दिली, आणि ती पॉझिटिव्ह असल्याचं कळल्यानंतर दिली, असं त्याने १२ जानेवारीला स्वतःच लिहून कबूल केलं. शिवाय डिक्लरेशनवर 'गेल्या १४ दिवसांत प्रवास केलात का' याला 'नाही' अशी खूण, आणि प्रत्यक्षात तो स्पेनला जाऊन आलेला. फॉर्म एजंटने भरला, चूक नजरचुकीने झाली, असा खुलासा. एजंट म्हणून सांगतो, तो खुलासा खरा असू शकतो. अशा चुका होतात, मीही एकदा तारीख उलटी टाकलेली आहे. पण २६२ दिवस काढलेल्या शहराला तो ऐकवणं म्हणजे भाजलेल्यावर मीठ. काकूंच्या मुलीने मला लिहिलं, "माझ्या आईच्या फॉर्मवर एवढी चूक असती तर?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर तिलाही माहीत होतं.

१४ जानेवारी, शुक्रवार संध्याकाळ. इमिग्रेशन मंत्री अॅलेक्स हॉक यांनी कलम १३३सीखाली स्वतःच्या अधिकारात व्हिसा पुन्हा रद्द केला. आरोग्य, सुव्यवस्था आणि सार्वजनिक हित अशी कारणं. हा अधिकार मंत्र्याचा वैयक्तिक असतो. आधी नोटीस द्यायला हवी, म्हणणं ऐकायला हवं, असं बंधन त्याच्यावर नाही. ट्रिब्युनलमध्ये अपील नाही. तुम्ही 'मनमानी' म्हणता ती शंका इथे रास्त आहे, आणि तरीही उत्तर 'नाही' असं आहे, कारण ही मुभा संसदेने लिहून दिलेली आहे.

पण खरा मजकूर मंत्र्यांच्या कारणांत होता. त्यांनी जोकोविचपासून कुणाला संसर्ग होईल असं म्हटलंच नाही. तो धोका नगण्य आहे असं धरून चालले. त्याच्याकडे वैद्यकीय कारण होतं हेही वादापुरतं गृहीत धरलं. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं: हा माणूस एवढा मोठा, लस न घेतल्याबद्दल एवढा प्रसिद्ध, की तो इथे नुसता राहिला तरी लसविरोधी भावनेला बळ मिळेल, लोक बूस्टर घ्यायचे थांबतील, गडबड होईल. पुरावा म्हणून मुख्य काय, तर एप्रिल २०२० मधलं, लस यायच्याही आधीचं, आपण लसीकरणाच्या विरोधात आहोत हे त्याचं विधान. तेही एका बातमीतून घेतलेलं. आपण मन खुलं ठेवू असं तो नंतर म्हणाला होता, त्याची दखल फारशी नाही.

म्हणजे लोकांना काय वाटतं आणि काय वाटेल, हाच खटल्याचा गाभा झाला. एरवी जनमत कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबतं. इथे ते कायद्याचं कारण म्हणून आत येऊन बसलं. जोकोविचच्या वकिलांनी नेमका मुद्दा काढला: त्याला हाकलल्यावर लसविरोधक आणखी भडकतील, त्याचं काय? मंत्र्यांनी ती बाजू तोललीच नाही. मला हा युक्तिवाद तेव्हाही बिनतोड वाटला होता.

कोर्टाला नाही वाटला. रविवारी, १६ जानेवारीला, फेडरल कोर्टाच्या तिघा न्यायाधीशांनी (मुख्य न्यायमूर्ती ऑलसप, बेसँको आणि ओ'कॅलहन) सकाळी सुनावणी घेतली आणि संध्याकाळी एकमताने अर्ज फेटाळला, खर्चासकट. निर्णय शहाणपणाचा आहे का हे कोर्ट बघत नव्हतं. तो इतका तर्कहीन आहे का की कुठलाही समंजस मंत्री घेणार नाही, एवढंच बघत होतं. नावाजलेल्या खेळाडूचं अनुकरण लोक, विशेषतः तरुण, करू शकतात, असं मानणं तर्कहीन नाही, असं त्यांनी नंतरच्या निकालपत्रात लिहिलं. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर आहे. मी त्या जागी असतो तर, चरफडत का होईना, तोच दिला असता.

त्या रात्री तो दुबईच्या विमानात बसला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू. सर्वेक्षणांत सुमारे ७० टक्के लोकांनी त्याला ठेवू नये असं म्हटलं होतं, आणि आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या संध्याकाळी टाळ्यांचे इमोजी पडत होते. ते मोजत मी जरा अस्वस्थ होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निदान डझनभर जण स्टुडंट किंवा वर्क व्हिसावर होते. कलम ११६ त्यांनाही लागू. 'असू शकते' हा शब्द त्यांच्याही डोक्यावर. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं आणि कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

आणखी एक गोष्ट, जी भारतातल्या बातम्यांत फारशी आली नाही. त्याला ठेवलं होतं ते स्वॉन्स्टन स्ट्रीटवरचं पार्क हॉटेल, माझ्या ऑफिसपासून ट्रामने दहा मिनिटं. नाव हॉटेल, काम कोठडीचं. आत तीसेक निर्वासित होते. मॅनस आणि नाउरू या दूरच्या बेटांवरच्या ऑस्ट्रेलियाच्या छावण्यांतून औषधोपचारासाठी आणलेले, काही जण नऊ-नऊ वर्षं बंदिवासात. तिथल्या जेवणात अळ्या निघाल्याचे फोटो डिसेंबरातच बाहेर आले होते, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ७ जानेवारीला, ऑर्थोडॉक्स नाताळाच्या दिवशी, मी तिथून गेलो. फुटपाथवर एकीकडे सर्बियन गाणी, दुसरीकडे निर्वासितांसाठी वर्षानुवर्षं फलक धरणारे तेच नेहमीचे चेहरे, मध्ये जगभरचे कॅमेरे. वरच्या खिडकीत एक जण काचेला हात लावून उभा होता. कॅमेरे त्याच्यावर गेले आणि लगेच खाली आले, कारण तो जोकोविच नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये तिथले उरलेले लोक सुटले. त्या बारा दिवसांच्या गाजावाज्याचा त्यात किती वाटा, ते मोजता येत नाही. पण हॉटेलचं नाव जगाला कळलं ते तेव्हाच.

आणि रेनाटा व्होराचोव्हा कुणाला आठवते का? चेक डबल्स खेळाडू. तशाच सवलतीवर डिसेंबरात आली, कुणी अडवलं नाही, सरावाची स्पर्धाही खेळली. जोकोविचचा गवगवा झाल्यावर तिलाही उचलून त्याच हॉटेलात ठेवलं आणि तिने लढण्यापेक्षा परत जाणं पसंत केलं. तिच्यासाठी फुटपाथवर कुणी नाचलं नाही. नियम म्हणजे नियम हे खरं असेल, तर ती विमानतळावरच अडायला हवी होती.

प्रश्नाखाली एकाने विचारलं आहे की असा व्हिसा रद्द झाला तर तीन वर्षं येता येत नाही ना? बरोबर, साधारण तसंच. सबळ कारण दाखवलं तर ती अट माफ करता येते. जोकोविचची नोव्हेंबर २०२२ मध्ये माफ झाली, डिसेंबरअखेर तो आला आणि जानेवारी २०२३ मध्ये दहाव्यांदा ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून गेला. स्टेडियम टाळ्यांनी दणाणलं, त्यातही ते ७० टक्क्यांतले असणारच. आमच्या कामात तीन वर्षांची अट दहा महिन्यांत माफ झालेला एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा क्लायंट नव्हता.